स्थैर्य व्यूहरचना

उत्पादने, ग्राहकवर्ग आणि कार्यपद्धती यांत मोठा फेरबदल न करता चालू व्यवसायच अधिक नेटकेपणाने करत राहण्याचा संस्थेचा जाणीवपूर्वक निर्णय म्हणजे स्थैर्य व्यूहरचना होय. व्यवस्थापनाचे अभ्यासक विल्यम ग्लूक यांच्या व्यूहरचनांच्या वर्गीकरणात स्थैर्य, विस्तार, संकोच (व्यवसाय आटोपता घेणे) आणि संमिश्र असे चार प्रकार येतात. स्थैर्य म्हणजे वाढीला नकार नव्हे. बाजारपेठेच्या गतीनेच विक्री वाढत असेल, तर तेही स्थैर्यातच मोडते.

पाठ्यपुस्तकांत तिचे तीन उपप्रकार सहसा आढळतात. झपाट्याने झालेल्या वाढीनंतर घडी बसवण्यासाठी घेतलेला विराम आणि परिस्थिती अनुकूल असल्यामुळे काहीच न बदलणे, हे दोन सरळ आहेत. तिसरा, म्हणजे विक्री घटत असताना खर्च आवरून नफा टिकवण्याचा, फसवा आहे. त्यात यंत्रांची देखभाल, प्रशिक्षण आणि संशोधन यांवरील खर्च पुढे ढकलला जातो. त्या वर्षीच्या हिशेबात नफा दिसतो, पण झिजलेली यंत्रे आणि जुनी पडलेली कौशल्ये त्यात त्या प्रमाणात उमटत नाहीत. अडचण तात्पुरती असेल तरच हा मार्ग परवडतो.

स्थैर्याच्या मूल्यमापनाबाबत अभ्यासकांत खोल मतभेद आहेत. रेमंड माइल्स आणि चार्ल्स स्नो यांनी १९७८ मध्ये ‘संरक्षक’ संस्थांचे वर्णन केले. अरुंद क्षेत्र निवडून त्यात कमी खर्चात सरस काम करणाऱ्या या संस्था नव्या संधी शोधणाऱ्यांइतक्याच यशस्वी होऊ शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मते कमकुवत ठरतात त्या निश्चित दिशा नसलेल्या संस्था. मायकल हॅनन आणि जॉन फ्रीमन यांनी १९८४ मध्ये याहून वेगळा मुद्दा मांडला. विश्वासार्ह आणि उत्तरदायी कामगिरी करणाऱ्या संस्था भोवतालच्या परिस्थितीकडून होणाऱ्या निवडीत टिकतात आणि त्यासाठी लागणारी स्थिर रचनाच बदलाला विरोध करते. हे मान्य केल्यास व्यवस्थापक ज्याला स्वतःचा निर्णय म्हणतात त्याचा बराचसा भाग जडत्वच ठरतो. जेम्स मार्च यांनी १९९१ मध्ये धोका दाखवला तो दुसरा: हातच्या ज्ञानाचा लाभ जवळचा आणि खात्रीचा असल्याने संस्था नव्या शोधाकडे पाठ फिरवतात आणि कालांतराने स्वतःचेच नुकसान करून घेतात.

या सर्वांत अर्थशास्त्रज्ञ एडिथ पेनरोज यांची १९५९ ची मांडणी, जुनी असूनही, अधिक उपयोगी वाटते. काम अंगवळणी पडले की व्यवस्थापकांची मोकळी झालेली क्षमता संस्थेला आतूनच वाढीकडे ढकलते, म्हणून कायमचे स्थैर्य अवघड असते. मात्र नव्या व्यवस्थापकांना तयार करायला वेळ लागत असल्याने वाढीच्या वेगालाही मर्यादा पडते. विरामाचे समर्थन याच मर्यादेतून मिळते.

एका वर्षाच्या हिशेबावरून स्थैर्य आणि निष्क्रियता यांतला भेद कळत नाही. त्यासाठी पर्यायांचा विचार झाला होता का, फेरविचाराची मुदत ठरली होती का आणि देखभालीवर पुरेसा खर्च होत राहिला का, हे तपासावे लागते.