पायथनमधून सी: चूक कोण पकडणार?

पायथनचा इंटरप्रिटर प्रोग्राममधल्या एकेका सूचनेचा अर्थ लावत पुढे जातो, तर सी भाषेतला प्रोग्राम आधीच कंपाइल होऊन प्रोसेसरला थेट कळणाऱ्या रूपात आलेला असतो. म्हणूनच जड आकडेमोड सीमध्ये आणि बाकीची जुळवाजुळव पायथनमध्ये ठेवण्याची पद्धत रूढ झाली. या दोघांना जोडणारे साधन निवडताना बहुधा वेगाचीच तुलना होते. माझ्या मते आधी पाहावे ते हे, की दोन्ही बाजूंच्या समजुतीत तफावत पडली तर ती कोणाच्या आणि केव्हा लक्षात येईल.

ही तफावत पडते, कारण सीच्या कंपाइल झालेल्या लायब्ररीत फंक्शनचे नाव आणि पत्ता सापडतो, पण ते कोणत्या प्रकारची मूल्ये घेते व काय परत देते याची नोंद सहसा नसते. ती माहिती कोणीतरी पुरवावी लागते.

२००६ मध्ये पायथन २.५ सोबत आलेल्या सीटाइप्स (ctypes) या जोडणाऱ्या साधनात ती आपणच लिहायची असते. त्याला कंपायलर लागत नाही, त्यामुळे दोन-चार फंक्शनांसाठी ते फार सोयीचे आहे. मात्र परतीचा प्रकार सांगायचा राहिला, तर सीटाइप्स तो साधा पूर्णांक मानते. फंक्शनने ६४ बिटांचा पत्ता परत केला असेल, तर सामान्यतः त्यातले ३२ बिटच हाती येतात. पत्ता लहान असेपर्यंत सारे सुरळीत चालते आणि एके दिवशी पायथनचा नेहमीचा त्रुटीसंदेशही न येता अख्खा प्रोग्राम कोसळतो.

सीएफएफआय (CFFI) या दुसऱ्या साधनात सीची घोषणा, म्हणजे फंक्शनचे नाव आणि मूल्यांचे प्रकार सांगणारी ओळ, जवळपास जशीच्या तशी उतरवता येते. त्याची थेट लायब्ररी उघडण्याची पद्धत वापरली तर धोका तोच राहतो. पण कंपायलरसह वापरायच्या पद्धतीत आपली घोषणा लायब्ररीच्या मूळ हेडर फाइलशी (जिथे या घोषणा लिहिलेल्या असतात) ताडली जाते आणि अनेक विसंगती प्रोग्राम चालण्यापूर्वीच उघड होतात. लायब्ररी मोठी असेल तर मी हीच पद्धत निवडेन.

सी प्लस प्लसमधले क्लास आणि टेम्पलेट सीटाइप्सच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तिथे पायबाइंड ११ (pybind11) हे साधन उपयोगी पडते. ते फंक्शनच्या मूळ घोषणेवरूनच प्रकार ओळखते, म्हणून पुन्हा लिहिताना होणारी चूक टळते. त्याची किंमत कंपाइल होण्याच्या वेळात मोजावी लागते. संथ लूप आपल्याच पायथन कोडमध्ये असेल तर पायथनसारखा कोड सीमध्ये बदलून कंपाइल करणारे सायथन (Cython) पाहावे.

वेगाबद्दल एवढेच, की प्रत्येक कॉलमागे मूल्यांचे रूपांतर करावे लागते. लाखो छोट्या कॉलऐवजी अख्खा अॅरे (मूल्यांची रांग) एकदाच पाठवला, तर साधनासाधनांतला फरक बराच पुसट होतो.

मेमरी कोणाच्या मालकीची, म्हणजे ती कोणी आणि केव्हा मोकळी करायची, हे मात्र कोणतेही साधन पूर्णपणे ठरवून देत नाही. सीला कॉलबॅक म्हणून (सीने नंतर उलट कॉल करायचे फंक्शन म्हणून) दिलेल्या सीटाइप्सच्या ऑब्जेक्टचा संदर्भ पायथनमध्ये जपून ठेवला नाही, तर तो ऑब्जेक्ट नष्ट होतो आणि सी मात्र त्याच जुन्या पत्त्यावर कॉल करत राहते.