द्रवरूप वैद्यकीय प्राणवायू पुरवठा

रुग्णालयाच्या आवारातील टाकीत अतिशीत अवस्थेत साठवलेला प्राणवायू वायुरूप करून नळांवाटे खाटांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. श्वसनविकाराच्या महासाथीत आरोग्ययंत्रणा किती तग धरेल, याचा अंदाज खाटांच्या संख्येपेक्षा या व्यवस्थेवरून अधिक नेमका बांधता येतो.

प्राणवायूच्या शोधाचे श्रेय सहसा जोसेफ प्रीस्टली (१७७४) यांना दिले जाते. कार्ल शेले यांनी तो त्याआधीच, बहुधा १७७१–७२ च्या सुमारास वेगळा केला होता. त्यांचे लेखन मात्र १७७७ मध्ये छापले गेले. प्रथम प्रयोग शेले यांचा मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

टाकी दुहेरी भिंतींची असते. मधल्या निर्वात पोकळीत परलाइट या उष्णतारोधक खनिजाची भुकटी भरतात. द्रवाचा उत्कलनबिंदू −१८३° से. असून १ लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. द्रवाचा वायू करणाऱ्या बाष्पकाच्या पंखेदार ॲल्युमिनियम नळ्या बाहेरच्या हवेची उष्णता घेतात, पुढे नियंत्रक दाब सुमारे ४ बारवर आणतो. ओढ, म्हणजे वायूचा वापर, वाढली की नळ्यांवर बर्फ साचतो आणि बाष्पीभवन मंदावते; म्हणून दोन संच आलटूनपालटून चालवतात.

मिनिटाला १५ लिटर घेणाऱ्या एका रुग्णाला दिवसाला ७ घनमीटरचे तीन जम्बो सिलिंडर लागतात. मिनिटाला ६० लिटरच्या उच्च प्रवाह यंत्राला बाराहून अधिक सिलिंडर. जुन्या इमारतींतील नळांचा व्यास इतक्या ओढीसाठी बेतलेला नसतो. परिणामी टाकी भरलेली असूनही टोकाच्या खाटांवर दाब घसरतो.

नाशिकमध्ये २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला. मृतांची संख्या प्रथम २२ सांगितली गेली, नंतरच्या वृत्तांत २४ आढळते. पुढे २४ एप्रिलच्या सुमारास विशाखापट्टणमहून निघालेल्या रेल्वेने नाशिकरोडला प्राणवायूचे टँकर उतरवले.

गळतीच्या वेळी दिसणारे पांढरे धुके हे हवेतील गोठलेले बाष्प असते. त्यात शिरलेल्याचे कपडे प्राणवायूने भिजल्यासारखे होतात. ठिणगी पडल्यास भडकतात. झडप उघड्या हाताने फिरवल्यास हिमदाह होतो आणि तिला तेल-ग्रीस लावणे धोक्याचे. मुख्य नळाचा दाब पडताच राखीव सिलिंडरांची रांग आपोआप जोडली जावी लागते. हाताने बदलायची असल्यास मधली मिनिटे अतिदक्षता विभागात जीवघेणी ठरतात. जागीच हवेतून प्राणवायू वेगळा करणारी पीएसए संयंत्रे ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्धता देतात, पण ती विजेवर चालतात.