गरम अन्न आणि प्लॅस्टिक: एका सल्ल्याची पार्श्वभूमी

गरम आमटी प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नये, बाळाचे दूध प्लॅस्टिकच्या बाटलीत तापवू नये, हा सल्ला आज सर्रास दिला जातो. त्यात सर्वाधिक चर्चा होते ती बिस्फेनॉल ए म्हणजेच बीपीए या रसायनाची. बीपीएपासून बनणारे पॉलिकार्बोनेट हे कडक प्लॅस्टिक बाजारात येण्याच्या कितीतरी आधीच हे रसायन संप्रेरकांच्या अभ्यासकांना ठाऊक होते.

रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी ते १८९१ मध्ये प्रथम तयार केले. कृत्रिम इस्ट्रोजेनच्या (स्त्री-संप्रेरकाच्या) शोधात असलेल्या लंडनच्या एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ मध्ये, अंडाशय काढलेल्या उंदरांच्या माद्यांवर प्रयोग करून, त्याचा परिणाम इस्ट्रोजेनसारखा होतो असे दाखवले. पुढे १९३८ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कितीतरी प्रभावी संयुग मिळाले आणि औषध म्हणून बीपीए मागे पडले. हे नवे औषध गर्भपात टाळण्यासाठी गर्भवतींना देण्यात आले. त्याचा उपयोग होत नाही हे शिकागोतील चाचणीतून १९५३ मध्ये दिसले, तरी वापर चालूच राहिला. अखेर १९७१ मध्ये, गर्भात असताना या औषधाच्या संपर्कात आलेल्या तरुण मुलींना योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होत असल्याचे बॉस्टनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. गर्भावस्थेतील कृत्रिम संप्रेरकाचा परिणाम पुढे तारुण्यात उघड होऊ शकतो, हे त्यामुळे वैद्यकाला मान्य करावे लागले.

दरम्यान १९५३ मध्येच बायर कंपनीचे हर्मन श्नेल आणि जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे पॉलिकार्बोनेट तयार केले, ज्याचा कच्चा माल बीपीए होता. पारदर्शक आणि पडले तरी न फुटणाऱ्या या प्लॅस्टिकच्या दुधाच्या बाटल्या आल्या, पाण्याचे वीस लिटरचे जार आले. बीपीएपासूनच बनणारे इपॉक्सी हे लेपन अन्नाच्या पत्र्याच्या डब्यांना आतून लावले जाऊ लागले. डॉड्स यांचा निबंध कोणी दडवला होता असे नाही, तो सर्वांसाठी खुला होता. पण औषधाची तपासणी वेगळी आणि बाटलीची वेगळी, अशी ही विभागणी होती, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच आहे.

प्लॅस्टिक आणि संप्रेरके यांचा हा दुवा पुन्हा जुळला तो बिघडलेल्या प्रयोगांमुळे. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या अखेरीस आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या स्तनकर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन न देताही वाढू लागल्या. दोष प्लॅस्टिकच्या नळ्यांतून झिरपणाऱ्या नोनिलफेनॉल या रसायनाचा निघाला. स्टॅनफर्डमध्ये अरुणा कृष्णन, डेव्हिड फेल्डमन आणि सहकाऱ्यांना वाटले की यीस्टच इस्ट्रोजेन बनवते, परंतु ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) तापवलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंतून बीपीए पाण्यात उतरत होते, असे त्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. उष्णतेविषयीच्या घरगुती सल्ल्याला आधार मिळाला तो अशा निरीक्षणांतून. १९९८ मध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या क्लीव्हलंडमधील प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे चुकीच्या साबणाने धुतले गेले, प्लॅस्टिक खराब होऊन त्यातून बीपीए झिरपले आणि माद्यांच्या बीजांडांतील गुणसूत्रांत दोष दिसू लागले.

नियम मात्र सावकाश आले. बीपीए असलेल्या बाळांच्या बाटल्यांवर बंदी घालण्याचे कॅनडाने २००८ मध्ये जाहीर केले, युरोपीय संघाने २०११ मध्ये ती लागू केली, आणि भारतीय मानक ब्यूरोने २०१५ मध्ये या बाटल्यांसाठीच्या मानकातून पॉलिकार्बोनेट वगळले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा कमी करून आधीच्या मर्यादेच्या वीस हजाराव्या भागाइतकी केली. तोवर 'बीपीए-मुक्त' वस्तूंत बिस्फेनॉल एस हे त्याचेच भावंड शिरले होते, आणि २०१८ मध्ये हंट यांच्याच प्रयोगशाळेला पर्यायी प्लॅस्टिकच्या खराब झालेल्या पिंजऱ्यांमुळे तसाच अनुभव पुन्हा आला.

संपर्क कमी करता येतो, याचे पुरावे आहेत. बीपीए शरीरात साठून राहत नाही, ते काही तासांत लघवीवाटे जाते. म्हणूनच २०११ च्या एका अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील पाच कुटुंबांनी तीन दिवस डबाबंद व प्लॅस्टिकमधील अन्न टाळून ताजे अन्न खाल्ले, तेव्हा लघवीतील त्याचे प्रमाण सरासरी ६६ टक्क्यांनी घटले. एवढ्यावरून पाळीच्या किंवा थायरॉइडच्या तक्रारी बऱ्या होतात असे सांगणारे विक्रेते मात्र या अभ्यासाच्या फार पुढे गेले आहेत. त्यात मोजले होते ते लघवीतील रसायन, आजार नव्हे.