समरूप शब्द (आंतरभाषिक)

दोन किंवा अधिक भाषांत सारख्याच अक्षरांचे, पण अर्थाने किंवा मुळाने भिन्न असू शकणारे शब्द. सोलापुरात अशा शब्दांची गाठ रोज पडते. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागात कन्नड, शहराच्या पूर्व भागात विणकर पद्मशाली समाजाची तेलुगू, जोडीला दख्खनी उर्दू आणि सर्वत्र मराठी.

‘कोळी’ म्हणजे मराठीत मासेमार किंवा जाळे विणणारा जीव. कन्नडमध्ये मात्र कोंबडी. तेलुगूत कोंबडीला ‘कोडी’ म्हणतात, जे मराठी वाचकाला ‘कोडे’चे अनेकवचन वाटते. कन्नड कोळी आणि तेलुगू कोडी एकाच द्राविड मुळाचे: मूळचा एक जुना ध्वनी कन्नडमध्ये ‘ळ’ झाला, तेलुगूत ‘ड’. सातालाही म्हणूनच कन्नडमध्ये ‘एळु’, तेलुगूत ‘एडु’. मराठी कोळ्याशी या कोंबडीचे काही नाते नाही. कन्नड ‘मंचद मेले’ म्हणजे नुसते ‘खाटेवर’, पण नव्या मराठी शेजाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा असे ते शब्द आहेत.

काही सारखेपणा निव्वळ लिपीचा असतो. मराठी देवनागरीत ऱ्हस्व ‘ओ’ला वेगळे चिन्ह नाही, त्यामुळे पाण्याच्या घागरीसाठीचा कन्नड शब्द आपण ‘कोड’ असाच लिहितो.

संस्कृतातून आलेल्या शब्दांची गंमत निराळी. तिथे मूळ एक, अर्थ फुटलेले. ‘शिक्षा’ हा शब्द शिकणे या अर्थाच्या धातूपासून आला. हिंदीत तो शिक्षण या अर्थाने राहिला; मराठी शिक्षा, कन्नड शिक्षे व तेलुगू शिक्ष यांचा रूढ अर्थ दंड. म्हणजे वंशाने मराठी हिंदीच्या जवळची असली, तरी इथे ती दक्षिणेच्या शेजारणींच्या पंगतीला बसते. ‘अवकाश’ मात्र तिन्हीकडे पांगला: मराठीत मोकळी जागा किंवा सवड, हिंदीत सुटी, कन्नड-तेलुगूत संधी.

उसनवारीच्या शब्दांत घोटाळा कमी. अण्णा, अक्का हे द्राविड शब्द मराठीत अर्थासकट आले. कन्नड ‘तुप्प’चे तूप झाले.

उलट अर्थ जुळला म्हणून मूळ जुळतेच असेही नाही. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ दोन्ही वाईटच, पण त्यांची व्युत्पत्ती स्वतंत्र आहे.