ब्रह्मदेश आणि थायलंड यांची सागवान निर्यात

ब्रह्मदेश (म्यानमार) आणि थायलंड (पूर्वीचा सयाम) या शेजारी देशांतून परदेशी जाणाऱ्या कठीण लाकडाचा, मुख्यतः सागाचा, व्यापार. दुसऱ्या महायुद्धापर्यंत दोघांत ब्रह्मदेश बराच पुढे होता. तरीही केवळ आकडे शेजारी मांडून तुलना करणे धोक्याचे आहे : निर्यातीची नोंद बंदरात होते, जंगलात नव्हे, आणि या सीमेवरून लाकूड दोन्ही दिशांनी जात आले आहे.

याचे जुने उदाहरण साल्वीन नदीचे. सयामच्या पश्चिमेकडील जंगलांत तोडलेले ओंडके या नदीतून वाहत ब्रह्मदेशातील मौलमीन बंदरात पोहोचत आणि तिथून ब्रह्मदेशी माल म्हणून जहाजावर चढत. पिंग, वांग, योम व नान या नद्यांच्या खोऱ्यांतला साग मात्र चाओ फ्रायामार्गे बँकॉकला येई. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून बुंध्याभोवती खोल कडे कोरून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळवत, मग हत्ती ओंडके ओढ्यापर्यंत नेत आणि पुरेशा पाण्यासाठी पावसाळ्याची वाट पाहत. एखाद्या वर्षीची निर्यात ही अशी कित्येक वर्षांपूर्वीची तोड असे. एका वर्षाच्या चढउतारावरून त्या वर्षाच्या तोडीचा अंदाज बांधता येत नाही.

ब्रह्मदेशात १८५६ पासून जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिख ब्रँडिस यांनी दक्षिणेकडील पेगूच्या जंगलांत मोजून तोड करण्याची पद्धत घातली. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या धंद्यात अग्रेसर होती. ओंडक्यांच्या मोजणीवरून ब्रह्मदेशचा राजा थिबा याच्या दरबाराने तिला जबर दंड केला, ते १८८५ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरले. राजा रत्नागिरीत नजरकैदेत आला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. हीच कंपनी पुढे उत्तर सयाममध्येही उतरली. सयामने १८९६ मध्ये स्वतःचे वनखाते काढले, त्याचे पहिले प्रमुख हर्बर्ट स्लेड हेही ब्रह्मदेशच्याच वनसेवेतले.

युद्धोत्तर काळात वाटा फुटल्या. ब्रह्मदेशात १९४८ नंतर सागाचा व्यापार सरकारच्या हाती गेला. थायलंडची जंगले झपाट्याने आटली : १९६१ मध्ये देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर असलेले वनाच्छादन १९८० च्या दशकाअखेरीस तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरले. १९८८ च्या अखेरीस दक्षिणेत आलेल्या विनाशकारी पुरानंतर जानेवारी १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलांतील व्यापारी तोडीवर बंदी आली. एव्हाना थाई कंपन्यांना सीमेपलीकडे ब्रह्मदेशात तोडीचे परवाने मिळाले होते. १९९८ च्या सुमारास उघडकीस आलेल्या साल्वीन प्रकरणात तर थायलंडच्याच राष्ट्रीय उद्यानातले लाकूड ब्रह्मदेशातून आयात केल्याचे भासवले गेले होते. कागदावर ती आयात, प्रत्यक्षात घरातलीच चोरी.

ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात थांबवली. तोवर भारत त्यांचा सर्वांत मोठा ग्राहक होता. त्यानंतर कापीव लाकूडच बाहेर जाऊ शकते, त्यामुळे २०१४ आधीचे व नंतरचे आकडे जसेच्या तसे जोडता येत नाहीत. मोजमापही आड येते : ब्रह्मदेशात लाकूड हॉपस टन या घनफळाच्या मापात मोजले जाई, असा एक टन म्हणजे सुमारे १.८ घनमीटर. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका व युरोपीय संघाने तेथील सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले.

थायलंडच्या आजच्या निर्यातीत मोठा वाटा रबराच्या कापीव लाकडाचा आहे. चीक आटलेली, पंचवीस-तीस वर्षांची मळ्यातली झाडे तोडून ते मिळते आणि बहुतेक चीनला जाते. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत कठीण लाकडाची एकत्रित बेरीज पाहिली, तर हे लाकूड आणि साग एकाच रकान्यात येतात.