व्हिटॅमिन डी पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन नेमकं करतं काय?

आठवड्यातून एकदा दुधात कालवून घ्यायची ६० हजार युनिटची पुडी आता घराघरात माहीत झालीय, आणि कोविडनंतर तर लोक ती हाडांपेक्षा इम्युनिटीसाठीच जास्त मागतात. डी घेतलं की इम्युनिटी वाढते एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण ते अर्धंच खरं आहे, कारण व्हिटॅमिन डी काही पेशींच्या हातात शस्त्र देतं आणि काहींना चक्क आवरतं, आणि ह्यातलं बरंचसं काम त्या पेशी साखर आणि चरबी कशी वापरतात ह्यात फेरफार करून होतं. मला हा विषय फार आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. उन्हातले यूव्हीबी किरण त्वचेवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका पदार्थापासून डी३ तयार होतं (बंद काचेच्या आत बसून ऊन घेतलं तर नाही होत, काच यूव्हीबी अडवते). ते लिव्हरमध्ये जातं, तिथे त्याचं एक साठवणीचं रूप बनतं आणि रक्त तपासणीच्या रिपोर्टमध्ये जो आकडा येतो तो ह्या साठ्याचा असतो. हा साठा स्वतः फारसं काही करत नाही. किडनी त्यावर अजून एक प्रक्रिया करून कॅल्सिट्रिऑल नावाचं खरं कामाचं हार्मोन बनवते, ते पेशीत शिरून एका रिसेप्टरला (त्याला पकडणाऱ्या प्रोटीनला) चिकटतं आणि मग ती जोडी थेट डीएनएवर बसून कुठली जीन्स चालू, कुठली बंद हे ठरवते. हाडं आणि कॅल्शियमसाठी एवढं पुरतं.

पण किडनीमध्ये जे एन्झाइम हे शेवटचं काम करतं तेच एन्झाइम मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींमध्येही असतं. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. रक्तातला साठा म्हणजे घरात भरलेला शिधा समजा, जंतू आला की मॅक्रोफेज स्वतःची चूल पेटवते आणि लागेल तेवढं कॅल्सिट्रिऑल जागच्या जागी शिजवते, किडनीची वाट बघत नाही.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते टीबीमध्ये. २००६ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवलं की मॅक्रोफेजला टीबीच्या जंतूचे तुकडे जाणवले की तिच्यातलं हे एन्झाइम आणि डीचा रिसेप्टर दोन्ही वाढतात, कॅल्सिट्रिऑल बनतं आणि त्यातून कॅथेलिसिडिन नावाचं एक छोटं प्रोटीन तयार होतं जे जंतू मारतं. त्यांनी आफ्रिकन अमेरिकन लोकांच्या रक्तातलं सीरम वापरलं तेव्हा, त्यात डीचा साठा कमी असल्यामुळे, कॅथेलिसिडिन कमी बनलं, आणि त्याच सीरममध्ये साठ्याचं डी मिसळलं की ते भरून निघालं. काळसर त्वचेत मेलॅनिन जास्त असतं आणि ते यूव्हीबी शोषून घेतं, त्यामुळे तेवढंच डी बनवायला उन्हात जास्त वेळ जावा लागतो, आपल्याकडच्या त्वचेलाही हे लागू आहे. अजून एक, डीचा हा कॅथेलिसिडिनवाला खटका फक्त माणूस आणि माकडांच्या कुळात आहे, उंदरात नाही, त्यामुळे उंदरांवर कितीही प्रयोग केले तरी ही गोष्ट सापडलीच नसती!

कधीकधी ही चूल विझतच नाही. सार्कोइडोसिस नावाच्या आजारात मॅक्रोफेज एवढं कॅल्सिट्रिऑल बनवतात की ते रक्तात सांडतं आणि कॅल्शियम वाढतं, अशा पेशंटने कुणीतरी सांगितलं म्हणून डीच्या गोळ्या घेणं धोक्याचं आहे.

आता पेशीच्या खाण्यापिण्याकडे येऊ. टीबीचा जंतू मॅक्रोफेजच्या आत राहतो आणि तिच्याच चरबीच्या थेंबांवर जगतो, इतकंच नाही तर ते थेंब वाढतील अशी सोयही करून घेतो. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की कॅल्सिट्रिऑल दिलं की हे थेंब कमी होतात, म्हणजे जंतूवर दोन बाजूंनी मार बसतो, एकीकडून कॅथेलिसिडिन आणि दुसरीकडून उपासमार.

साखरेचं प्रकरण डेंड्रिटिक पेशींमध्ये जास्त रंगतं. ह्या पेशी जंतूचा तुकडा टी पेशींना, म्हणजे हल्ला करणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात आणि हल्ला करायचा की सोडून द्यायचं हे बऱ्याच अंशी त्याच ठरवतात. एरवी पेशी मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या आतल्या वीजघरात, ऑक्सिजनच्या मदतीने सावकाश एनर्जी बनवते, आणि लढाईच्या वेळी झटपट साखर जाळायला लागते. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बघितलं की कॅल्सिट्रिऑल दिलेल्या डेंड्रिटिक पेशींमध्ये साखर जाळणंही वाढतं आणि मायटोकॉन्ड्रियाचं कामही वाढतं, आणि तरी ह्या पेशी शांत, समजूतदार होतात, टी पेशींना भडकवत नाहीत. साखर मिळेनाशी झाली किंवा तिचा मार्ग अडवला तर हा शांतपणा टिकत नाही. म्हणजे शांत राहायलाही इंधन लागतं, आणि मला वाटतं डीच्या सगळ्या संशोधनातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

टी पेशींचंही असंच. कोपनहेगनच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की नवख्या टी पेशीत डीचा रिसेप्टर जवळपास नसतोच, जंतू ओळखल्यावर तो येतो आणि मग आतल्या सिग्नलसाठी लागणारं एक प्रोटीन सुमारे ७५ पट वाढतं, त्याशिवाय पेशी नीट जागीच होत नाही. आणि तीच टी पेशी हल्ला करून झाल्यावर तिला थांबवायलाही डी लागतं. २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात हे थांबवणं कसं होतं ते मांडलंय, सूज वाढवणाऱ्या इंटरफेरॉन गॅमाकडून सूज उतरवणाऱ्या आयएल-१० कडे पेशी वळते. गंभीर कोविड झालेल्यांच्या फुप्फुसातल्या टी पेशी मात्र पहिल्याच टप्प्यात अडकलेल्या दिसल्या.

मग गोळ्या घेतल्या की टीबी टळतो का? मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर ट्रायल झाली, दर आठवड्याला १४,००० युनिट, तीन वर्षं. रक्तातली पातळी मस्त वाढली पण टीबीची लागण दोन्ही गटांत जवळपास सारखीच झाली (२०२० चा निकाल). लॅबमधल्या प्लेटमध्ये दिसतं ते शरीरात तसंच होत नाही, आणि हे मान्य करायलाच हवं. उलट अमेरिकेतल्या व्हायटल ट्रायलमध्ये, २५,८७१ लोक, पन्नाशीच्या पुढचे, रोज २,००० युनिट, साधारण पाच वर्षं, ऑटोइम्यून आजार (शरीर स्वतःवरच हल्ला करतं ते) २२ टक्क्यांनी कमी झाले. एकूण आकडे लहान आहेत, डी घेणाऱ्यांत १२३ आणि न घेणाऱ्यांत १५५ जणांना आजार झाला, पण मला तरी हा निकाल वर लिहिलेल्या शांत करण्याच्या कामाशी जुळणारा वाटतो.

म्हणून कमतरता असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर भरून काढा, पण ६० हजारची पुडी महिनोन्महिने आपल्या मनाने चालू ठेवू नका. ती आठवड्याची मात्रा आहे, रोजची नाही, आणि चुकून रोज घेत राहिलं तर कॅल्शियम वाढून उलट्या, गळून गेल्यासारखं वाटणं, अगदी किडनी खराब होण्यापर्यंत जाऊ शकतं.

संशोधकांनी आता वेगळी वाटही धरलीय, गोळी देण्यापेक्षा पेशीच बाहेर काढायच्या. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीर स्वतःच्या नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करतं, तर बेल्जियममध्ये अँटवर्पला आणि स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ बादालोनाला अशा पेशंटच्या रक्तातल्या पेशी घेऊन, लॅबमध्ये डी घालून त्यांच्या शांत डेंड्रिटिक पेशी बनवून, त्यांना मायलिनचे तुकडे दाखवून परत त्याच पेशंटला टोचायच्या अशा छोट्या ट्रायल्स सुरू केल्या गेल्यात. त्यात आधी बघायचं होतं ते एवढंच की हे सुरक्षित आहे का.