वर बर्फ आहे का, आणि रात्री तो गोठला का?

दरीत फुलं आली, ओढे खळाळू लागले की वरच्या पायवाटाही मोकळ्या झाल्या असतील असं वाटू लागतं. पण उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटतं, त्यामुळे दरीतला वसंत खिंडीत पोहोचायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून ट्रेकला निघण्याआधी लोक विचारतात, 'वर बर्फ आहे का?' प्रश्न रास्त असला तरी त्याच्या उत्तरावर बेत आखता येत नाही. वसंतातला बर्फ सकाळी एक असतो आणि दुपारी दुसराच.

आधी 'किती'चा हिशोब उरकू. बर्फाची खोली हे फसवं माप आहे. ताज्या बर्फाच्या एक मीटर थरात पाणी जेमतेम १० सेंटीमीटर असतं. वसंत येईपर्यंत दबून, भिजून, पुन्हा गोठून बर्फ इतका घट्ट होतो की एका मीटरमध्ये ४० ते ५० सेंटीमीटर पाणी असतं. म्हणजे खोली झपाट्याने घटली तरी बर्फ वितळलाच असेल असं नाही. तो नुसता खचलेलाही असू शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स चर्च यांनी यावर सोपा उपाय काढला: बर्फ मोजू नका, तोला. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात माउंट रोझ शिखरावर ते धातूची पोकळ नळी बर्फात तळापर्यंत खुपसत आणि आत अडकलेल्या बर्फासकट तिचं वजन करत. हे गृहस्थ विद्यापीठात लॅटिन शिकवत, ही गोष्ट मला विशेष आवडते. आज अमेरिकेच्या पश्चिम भागात ९०० हून अधिक स्वयंचलित केंद्रं हेच काम करतात. जमिनीवर न गोठणाऱ्या द्रवाने भरलेली चपटी पिशवी पसरलेली असते. तिच्यावर साचलेल्या बर्फाच्या भारावरून त्यातलं पाणी कळतं. हे आकडे कोणालाही पाहता येतात.

त्या आकड्याचं करायचं काय? एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. शिवाय जुना, मळकट बर्फसुद्धा अंगावर पडलेलं निम्म्याच्या आसपास ऊन परत फेकतो. त्यामुळे स्वच्छ उन्हाचा अख्खा दिवसही साधारण दोन-तीन सेंटीमीटर पाण्याइतकाच बर्फ वितळवतो. केंद्रावर ४० सेंटीमीटर पाणी दिसत असेल, तर पुढच्या शनिवारी वाट मोकळी मिळेल ही आशा सोडून द्यावी. त्यातही अशी केंद्रं बहुधा सपाट, आडोशाच्या जागी असतात. खिंड त्यांच्याही वर असते.

आता रात्रीकडे वळू. वसंतात दिवसा बर्फाचा वरचा थर शून्य अंशाला पोहोचतो आणि कणांच्या मधे पाणी झिरपतं. रात्री ते पाणी गोठलं की कण एकमेकांना घट्ट सांधले जातात आणि सकाळी त्यावरून माणूस सहज चालत जातो. गोठलं नाही, तर कणांमध्ये फारसा बंधच उरत नाही. बर्फ ओल्या जाड साखरेसारखा होतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो. अशा बर्फात एका किलोमीटरला तास सहज जातो.

गोठणं केवळ हवेच्या तापमानावर अवलंबून नसतं, आणि हवामानाचा अंदाज वाचताना इथेच चूक होते. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने थेट आकाशाकडे सोडत राहतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा काही अंश अधिक थंड होतो. हवा शून्याच्या किंचित वर असली तरी बर्फावर कडक पापुद्रा धरू शकतो. आकाशात ढग असतील तर ते बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात आणि तेच तापमान असूनही बर्फ मऊच राहतो. म्हणून रात्रीच्या तापमानाइतकंच रात्रीचं आभाळ तपासावं. सलग दोन-तीन रात्री ढगाळ आणि उबदार गेल्या असतील, तर मी ट्रेक पुढे ढकलेन, फोटोत वाट कितीही छान दिसो.

अर्थात गोठलेला बर्फही निर्धोक नाही. पहाटे ३५ अंशांच्या कडक उतारावर घसरलेला माणूस काही सेकंदांत असा वेग घेतो की हाताने थांबणं अशक्य होतं. तिथे क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे अणकुचीदार धातूचे दात) आणि आइस अ‍ॅक्स हवी, आणि ती वापरता यायला हवी. चालायला सर्वांत बरी वेळ मधली: वरचे दोन-तीन सेंटीमीटर सैल झालेत, खाली थर अजून पक्का आहे. ही वेळ पूर्वेकडच्या उतारावर लवकर येते आणि पश्चिमेकडे उशिरा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ सर्वांत जास्त काळ टिकतो. दक्षिण गोलार्धात हेच उलट.

उपग्रहाची चित्रं इथे उपयोगी पडतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची दृश्य प्रकाशातली चित्रं १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवतात आणि दोन उपग्रह मिळून तीच जागा पाच दिवसांत किमान एकदा टिपतात. बर्फ आणि ढग दोन्ही पांढरे, मग ओळखायचं कसं? डोळ्यांना न दिसणाऱ्या लघुतरंग अवरक्त प्रकाशात बर्फ काळपट दिसतो, पाण्याच्या थेंबांचे ढग उजळच राहतात. पण झाडीखालचा बर्फ वरून दिसत नाही, आणि सगळी वाट मोकळी असताना एखाद्या सावलीतल्या घळीत राहिलेला पाच मीटरचा कडक पट्टा चित्रात हरवून जातो. नेमका तोच ओलांडायचा असतो.

वाटेवरही तपासणी चालूच ठेवावी लागते. खडक आणि बुंधे उन्हाने तापतात, त्यांच्याभोवतीचा बर्फ आतून पोकळ होतो. तिथे पाऊल दूर टाकावं. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले आणि पाय घोट्याच्या वर रुतू लागला, तर ओल्या हिमस्खलनाची शक्यता धरून ३० अंशांहून तीव्र उतार आणि त्यांचा पायथा सोडावा. ओढ्यावरचा हिमपूल, म्हणजे पाण्यावर पुलासारखा उरलेला बर्फाचा थर, खालून पाण्याने आणि वरून उन्हाने झिजत असतो. वितळलेलं पाणी ओढ्यापर्यंत पोहोचायला काही तास घेतं, त्यामुळे पाणी दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी सर्वांत जास्त चढतं. परतीच्या वाटेवर ओढा असेल, तर निघण्याची वेळ त्या ओढ्यावरून ठरवावी.